गगनबावड्याकडं शाळेच्या नवीन खोल्या स्टील फ्रेममध्ये बांधल्या तर चालतील का?

चालतंय की, दोन मजल्यांपर्यंत बिनधास्त बांधा, फक्त वर नुसता पत्रा टाकू नका, तिकडच्या पावसात पत्र्याखाली सरांचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पण पोचणार नाही, त्यापेक्षा डेक शीटवर (स्लॅबच्या खाली कायमचा राहणारा घड्यांचा स्टीलचा पत्रा) काँक्रीटचा स्लॅब घ्या. मी शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनमध्येच आहे, कॉलम-बीम इथं वर्कशॉपमध्ये कापून, भोकं पाडून तयार होतात, साइटवर नुसतं बोल्टनं जोडायचं, म्हणून आधी पाया तयार ठेवला तर सांगाडा मे महिन्याच्या सुट्टीत उभा राहतो. डिझाइन मात्र आयएस ८०० (स्टील बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या, फॅब्रिकेटरच्या अंदाजानं नको (आमच्या पण नको). एकच भानगड आहे, आग. ५५०-६०० अंशाला स्टीलची ताकद जवळपास निम्मी होते, त्यामुळं फायरप्रूफ कोटिंगचे पैसे एस्टिमेटमध्ये पहिल्यापासनंच धरा, बहुतेक जण तिथंच कात्री लावतात.