शीड आधी खालूनच आवरतात

प्रश्न : नौदलाच्या ‘तरंगिणी’ या शिडाच्या प्रशिक्षण नौकेचे फोटो पाहिले. एवढ्या उंचावर चढून प्रशिक्षणार्थी वाऱ्याने फुगलेलं शीड आवरतात तरी कसं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : फुगलेलं शीड वर जाऊन आवरायचं नसतंच. निम्म्याहून जास्त काम डेकवरून होतं. आधी शिडाचे खालचे कोपरे धरून ठेवणारे दोर, म्हणजे शीट, हळूहळू सैल करायचे. त्याच वेळी कोपरे आणि खालची कड वर ओढणारे दोर खेचून कापड यार्डला, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या काठीला, भिडवायचं. शीट एकदम सोडली तर शीड फडफडून फाटतं. वर ओढणारा एखादा दोर अडकला तर तेवढ्याच भागात वारा भरून फुगा धरतो. तो जाईपर्यंत माणसं वर पाठवू नयेत.

चढायचं नेहमी वाऱ्याच्या बाजूने. वारा पाठीवर येतो आणि अंग दोरशिडीला चिकटून राहतं. हाताने उभे जाड दोर धरायचे, आडव्या पायऱ्या नाहीत. त्या झिजून तुटू शकतात. खिसे खालीच रिकामे करायचे, पाना-चाकू कमरेला दोरीने बांधायचा. यार्डखालच्या पायदोरावर पाऊल टाकण्याआधी ओरडून सांगायचं, कारण नव्या माणसाच्या वजनाने तो दोर शेजाऱ्याच्या पायाखाली हलतो. (नवखे नेमकं हेच विसरतात.) हार्नेसचा हूक अडकवायचा, पोट यार्डवर टेकायचं, कापडाच्या घड्या वर ओढून गुंडाळी घट्ट करायची आणि बंदांनी बांधायची. ढिली राहिली तर रात्री वारा तिच्यात शिरतो.

प्रश्न : ही नौका वाऱ्याच्या विरुद्ध जाऊ शकते का?
– एक वाचक, वास्को

उत्तर : थेट नाही, तसं कुठलंच शिडाचं जहाज जात नाही. त्यातही आडव्या शिडांना, म्हणजे यार्डला टांगलेल्या शिडांना, साधारण ६० अंशांच्या आत वाऱ्याकडे तोंड करणं जमत नाही. सुकाणूवाल्याने त्याहून जवळ नेलं तर शिडं उलटी भरतात. डोलकाठ्यांना जास्त आधार मागून असतो. समोरून दाब आला की त्या धोक्यात येतात. तिसऱ्या डोलकाठीवर आडवी शिडं नाहीत, जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली आहेत, ती सोयीची : माणसं कमी लागतात, जहाज वळवायलाही मदत होते. अशा तीनकाठीला बार्क म्हणतात. ‘तरंगिणी’चा आराखडा ब्रिटनच्या कॉलिन मडी यांचा, बांधणी तुमच्याच गावच्या गोवा शिपयार्डची. १९९७ साली ती नौदलात आली आणि २००३–०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. वारा अगदीच समोरून आला तर डिझेल इंजिनं आहेतच.