वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीच्या एसीत पुन्हा पुन्हा गॅस का भरावा लागतो?

प्रश्न : माझी गाडी चौदा वर्षांची आहे. दोन वर्षांत तिच्या एसीत दोनदा गॅस भरून घेतला. भरल्यानंतर महिना-दीड महिना गारवा उत्तम असतो आणि मग तो हळूहळू कमी होत जातो. गाडी वेगात असताना थोडी तरी थंड हवा येते, पण सिग्नलला थांबले की ती कोमट होते. आता मला कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो खरोखरच निकामी झाला असेल का?

उत्तर : तुम्ही दिलेल्या माहितीवरून कॉम्प्रेसर निकामी झाला असावा असे वाटत नाही. आतून झिजलेल्या कॉम्प्रेसरला गॅसवर पुरेसा दाब निर्माण करता येत नाही, त्यामुळे कितीही गॅस भरला तरी महिना-दीड महिना उत्तम गारवा मिळाला नसता. तुमच्याकडे तो मिळतो आणि नंतर ओसरतो, याचा अर्थ यंत्रणा काम करते आहे आणि गॅस कुठून तरी बाहेर जातो आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि जोडांतून वर्षानुवर्षे अगदी थोडा गॅस झिरपतो हे खरे, परंतु दीड महिन्यात गारवा कमी होणे म्हणजे निश्चितच गळती आहे. गळती न शोधता तिसऱ्यांदा गॅस भरणे हा पैशांचा अपव्यय तर आहेच, शिवाय अशा जुन्या गाड्यांच्या एसीत सहसा असणारा आर-१३४ए हा गॅस हवेत गेल्यावर वातावरण तापवण्यात तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक हातभार लावतो. म्हणून ‘आधी गळती दाखवा, मगच गॅस भरा’ असा आग्रह तुम्ही धरावा, असे मी अगदी मनापासून सांगतो.

गळतीचा पहिला माग तेलाचा असतो. कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेल गॅसबरोबरच फिरते, त्यामुळे गॅस जिथून निसटतो तिथे तेलाचा ओलसर डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून काळपट थर जमतो. नळ्यांचे जोड, गॅस भरण्याच्या तोंडावरील व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरच्या पुलीमागचा भाग आणि रेडिएटरच्या पुढे असलेला, खडे लागून ठेचला जाणारा कंडेन्सर (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) या जागा विजेरी घेऊन नीट पाहाव्यात. डाग सापडला नाही तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावणे, किंवा यंत्रणेत विशिष्ट रंगद्रव्य सोडून काही दिवसांनी अतिनील दिव्याखाली तपासणे, हे खात्रीचे मार्ग आहेत. सर्वांत फसवी जागा म्हणजे डॅशबोर्डच्या आत दडलेली कूलिंग कॉइल. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून ब्लोअरच्या झडपांपाशी किंवा पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी गॅस ओळखणारे उपकरण धरून पाहावे लागते. गळती कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून असेल, तर कॉम्प्रेसर बदलण्यापूर्वी केवळ सील बदलता येईल का, हे अवश्य विचारा.

थांबल्यावर हवा कोमट होण्याचे एक कारण गॅसची कमतरता हेच असू शकते, कारण इंजिन मंद फिरताना कॉम्प्रेसरही मंद फिरतो. दुसरे आणि तितकेच संभवनीय कारण म्हणजे कंडेन्सरवर हवा न पोहोचणे. गाडी धावताना समोरचा वारा कंडेन्सर थंड ठेवतो, थांबल्यावर मात्र ते काम केवळ पंख्यावर येते. याची तपासणी फुकट आहे, म्हणून ती सर्वांत आधी करा. गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन व एसी चालू करा, बॉनेट उघडा आणि मिनिटभरात कंडेन्सरचा पंखा जोरात फिरू लागतो का ते लांबूनच पाहा, हात जवळ नेऊ नका. पंखा फिरत नसेल तर फ्यूज, रिले आणि मोटर तपासून घ्यावी. कंडेन्सरच्या पातळ पात्यांमध्ये माती आणि किडे भरले असतील तर कमी दाबाच्या पाण्याने तो धुवावा, कारण जोराच्या फवाऱ्याने पाती दुमडतात.

त्याच वेळी कॉम्प्रेसरच्या पुलीच्या तोंडाशी असलेल्या क्लचच्या, म्हणजे कॉम्प्रेसर पुलीला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागाच्या, चकतीकडेही पाहा. ती दर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज करून पुलीला चिकटत आणि सुटत असेल, तर बहुधा गॅस कमी आहे. ती थंड इंजिनवर चिकटते आणि तापल्यावर सुटते, असे असेल तर क्लचमधील फट झिजून वाढली असावी. ही फट सर्वसाधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि आतली पातळ चकती काढून ती पुन्हा कमी करता येते. एवढ्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदललेला पाहिला की मला वाईट वाटते.

कॉम्प्रेसरचा खरा निवाडा गेजवर, म्हणजे गॅसचा दाब मोजणाऱ्या उपकरणावर होतो. एसी चालू असताना कमी दाबाच्या बाजूला साधारण २ ते ३ बार (बार हे दाबाचे एकक) आणि जास्त दाबाच्या बाजूला हवेच्या उष्णतेनुसार १० ते १७ बार दिसावेत. यंत्रणेत वजनाप्रमाणे पुरेसा गॅस असूनही दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळच रेंगाळत असतील, तरच कॉम्प्रेसरवर बोट ठेवावे. इंजिन बंद असतानाचा दाब पाहून ‘गॅस भरलेला आहे’ असे कोणी सांगितले, तर त्यावर विसंबू नका. आत थोडासा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी ३० अंश सेल्सिअसला दाब पावणेसात बारच्या आसपासच दिसतो, मग गॅस निम्मा असो वा पूर्ण. म्हणूनच बॉनेटखालील लेबलवर छापलेल्या ग्रॅमप्रमाणे, वजन करूनच गॅस भरला पाहिजे. त्याआधी जुना गॅस यंत्राने काढून घेणे, गळती दुरुस्त करणे, यंत्रणा उघडली असल्यास ओलावा शोषणारा ड्रायर बदलणे आणि किमान अर्धा तास व्हॅक्यूम देणे, म्हणजे पंपाने आतली हवा व ओलावा ओढून घेणे आवश्यक आहे. आत राहिलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या अरुंद झडपेच्या) तोंडाशी गोठून गॅसचा प्रवाह अडवतो. जोड स्वतः सैल करण्याचा प्रयत्न मात्र करू नका, कारण निसटणारा गॅस त्वचेला आणि डोळ्यांना क्षणात हिमदंश करतो.

प्रश्न : एसी तासभर उत्तम चालतो, मग ब्लोअरचा आवाज तोच राहतो पण हवा येणे जवळजवळ थांबते. पुढच्या सीटच्या पायाशी पाणीही साचते.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. हवा थांबते ती कूलिंग कॉइलवर बर्फ साचल्यामुळे. एसी बंद ठेवून फक्त ब्लोअर चालू ठेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हवा पूर्ववत झाली, तर निदान पक्के समजा. आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी बदला, कारण ती तुंबली की कॉइलवर हवा कमी पोहोचते. त्यानेही भागले नाही, तर कॉइलचे तापमान मोजून कॉम्प्रेसर थांबवणारा सेन्सर आणि गॅसचे प्रमाण तपासून घ्या. पायाशी येणारे पाणी हे कॉइलवर जमणारे बाष्पाचे पाणी असते आणि ते बाहेर सोडणारी नळी तुंबली की आत उतरते. नळीचे तोंड गाडीखालून सापडते. ते मऊ तारेने हलक्या हाताने मोकळे करा. साचलेला द्रव चिकट आणि गोडसर वासाचा असेल, तर मात्र तो हीटरच्या कोअरमधून (डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून) गळणारा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे, आणि ती दुरुस्ती लांबणीवर टाकू नका.