मुले सारे ऐकत असतात

प्रश्न : माझ्या सतरा वर्षांच्या मुलाने आपण समलिंगी असल्याचे महिन्यापूर्वी सांगितले. पूर्वी मी त्याच्यादेखत अशा माणसांची टिंगल करत असे. आता मी अवाक्षर काढत नाही, तरीही तो माझ्याशी मोकळा होत नाही.

उत्तर : तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ त्याला लागत नाही, कारण तुम्ही पूर्वी काय म्हणाला होतात, ते त्याला नेमके आठवते. समुपदेशनासाठी आलेल्या एका मुलाने मला सांगितले होते की, पडद्यावर दोन पुरुष हातात हात घालून चाललेले दिसले की वडील चॅनल बदलत, आणि रिमोटवर दाबलेला त्यांचा अंगठा त्याला अजून दिसतो. म्हणून ‘काही चुकले असेल तर माफ कर’ असे मोघम न बोलता, आपण काय म्हणालो होतो त्याचा स्पष्ट उल्लेख करून ते चूक होते, असे सांगा. तो चिडला तर ऐकून घ्या; आपण कोणत्या वातावरणात वाढलो, याचे स्पष्टीकरण त्याच वेळी देऊ नका. नातेवाइकांना कधी सांगायचे, किंवा सांगायचे की नाही, हे मात्र सर्वस्वी त्याचे त्याला ठरवू द्या.

प्रश्न : मुलाचा कल औषधाने बदलेल का?

उत्तर : नाही, कारण हा आजारच नव्हे. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये, तर जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. त्याआधी ‘उपचार’ म्हणून विजेचे झटके आणि मळमळ आणणारी औषधे दिली जात. त्यातून कल बदलला नाही, माणसे मात्र खचली. बदल घडवण्याची हमी देणाऱ्याकडे मुलाला कृपया नेऊ नका.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. आठवीत एका मुलाला ‘बायल्या’ म्हणून चिडवणाऱ्यांत मी पुढे होतो. आता मला मुलेच आवडतात, हे कळले आहे. स्वतःची लाज वाटते.

उत्तर : मुले आवडण्यात लाजण्यासारखे काहीही नाही, तू त्याला चिडवलेस त्याचे वाईट वाटते, ते मात्र योग्य आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस. आपल्यावर संशय येऊ नये म्हणून पुढे होऊन चिडवणारी मुले मी पाहिली आहेत, पण ज्याला ते सोसावे लागले, त्याचे दुःख त्याने कमी होत नाही. स्वतःला इजा करावीशी वाटली, तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांग. त्या मुलाची माफी मागायची असेल, तर स्वतःविषयी काही उघड करण्याची गरज नाही. जे केलेस तेवढेच बोल, आणि तो उत्तर न देता निघून गेला, तर त्याला थांबवू नकोस.