वाचकांचे प्रश्न : ‘सरकारचा एक पैसाही खर्च न होता’ उभा राहणारा पूल

पायाभूत सुविधांमधल्या सार्वजनिक-खासगी भागीदारीबद्दल, म्हणजे पीपीपीबद्दल (खासगी कंपनी पैसा उभा करून बांधते, ठरलेली वर्षं सांभाळते आणि मग सरकारला परत करते), वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतले आहेत.

प्रश्न : पीपीपीतून होणाऱ्या एका पुलाच्या फलकावर ‘शासनाचा एक पैसाही खर्च न होता’ असं लिहिलेलं वाचलं. असा पूल खरंच फुकटात होतो का?

नाही. पैसा उभा करणं वेगळं आणि तो फेडणं वेगळं. खासगी कंपनी पैसा उभा करते. फेडणारे दोनच : वापरणारे, म्हणजे टोल, तिकीट किंवा पाणीपट्टी भरणारे, नाहीतर करदाते. करदात्यांनी फेडायचं असेल तर सरकार कंपनीला दरवर्षी ठरलेली रक्कम देतं, तिला ॲन्युइटी म्हणतात. तिसरा खिसा कुठेच नसतो.

आकडेमोड करून बघा. प्रकल्प १००० कोटींचा. सरकारला कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं असं धरू. कंपनी ७० टक्के रक्कम ९ टक्के व्याजाच्या कर्जातून उभी करते आणि उरलेल्या ३० टक्के भागभांडवलावर तिला १५ टक्के परतावा हवा असतो. सरासरी पडते १०.८ टक्के. वीस वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचं तर सरकारी कर्जाचा वार्षिक हप्ता साधारण ९४ कोटी, कंपनीच्या पैशाचा साधारण १२४ कोटी. दरवर्षी ३० कोटींचा फरक. तो भरून निघायचा तर कंपनीने तेच काम जवळपास २४ टक्के स्वस्तात करायला हवं, किंवा सरकारच्या डोक्यावरची तेवढ्या मोलाची जोखीम खरोखर स्वतःकडे घ्यायला हवी. सरकारी कर्ज स्वस्त असतं त्यामागेही करदात्याने पत्करलेली जोखीम असते, म्हणून सगळेच ३० कोटी वाया गेले असं म्हणता येत नाही. पण फलकावरचं वाक्य मात्र दिशाभूल करणारं आहे.

बचत होते ती कुठून? बांधणारा आणि वीस वर्षं सांभाळणारा एकच असतो तिथून. रस्त्याच्या कडेचं गटार घ्या. पावसाचं पाणी डांबराखालच्या खडीच्या थरात मुरलं की वरचा थर कितीही चांगला असो, रस्ता उखडतो. दोषदायित्वाची, म्हणजे दोष निघाला तर स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची, थोडी वर्षं काढून मोकळा होणारा कंत्राटदार गटारावरचा खर्च वाचवायला बघतो. दुरुस्ती ज्याच्या खिशातून होणार आहे तो गटार नीट बांधतो. पीपीपीचा खरा फायदा हा, आणि तो सरकारच्या तिजोरीत पैसा असला तरीही मिळतो. केवळ तिजोरी रिकामी आहे म्हणून पीपीपी करणं हे सगळ्यांत कच्चं कारण.

प्रश्न : याला खासगीकरणच म्हणायचं ना?

नाही. मालकी सरकारचीच राहते, मुदत संपली की मालमत्ता परत येते. मुदत किती लांब आणि मध्ये हात किती बांधले जातात, हे मात्र बघावं. शिकागो शहराने २००८ मध्ये रस्त्यांवरचे पार्किंग मीटर सुमारे ११५ कोटी डॉलर एकरकमी घेऊन ७५ वर्षांसाठी दिले. आता एखादा रस्ता शहराने बंद ठेवला तर तिथल्या बुडालेल्या वसुलीची भरपाई शहरालाच द्यावी लागते. मालकी आहे, पण आपल्याच रस्त्यावरचा निर्णय महाग पडतो.

प्रश्न : रस्त्यावर गर्दी दिसते, तरी टोल कंपनी बुडाली असं वाचतो. असं कसं?

गर्दी किती आहे यापेक्षा ती अंदाजाच्या मानाने किती आहे, यावर सगळं ठरतं. टोलचं उत्पन्न वर्षाला २०० कोटी, देखभाल आणि वसुलीचा खर्च ७० कोटी धरा. उरले १३०. बँकेचा हप्ता १००. म्हणजे हप्त्याच्या १.३ पट पैसा हाताशी आहे. बँका अशाच गुणोत्तरावर कर्ज देतात. आता वाहनं अंदाजापेक्षा फक्त १५ टक्के कमी आली. उत्पन्न १७०, खर्च मात्र जवळपास तेवढाच ७०, उरले बरोबर १००. भागधारकाला शून्य. वाहनं ३० टक्के कमी आली तर ७० उरतात आणि हप्ता थकतो. रस्ता भरलेला दिसत असतो, कंपनी आतून रिकामी झालेली असते.

सिडनीचा क्रॉस सिटी बोगदा ऑगस्ट २००५ मध्ये खुला झाला. अंदाज रोज सुमारे ९० हजार वाहनांचा होता, प्रत्यक्षात निम्मीही आली नाहीत, आणि डिसेंबर २००६ मध्ये कंपनी धनकोंच्या ताब्यात गेली. असे फुगलेले अंदाज योगायोगाने येत नाहीत. ज्याचा वाहतुकीचा अंदाज सर्वांत आशावादी, त्याची बोली सर्वांत आकर्षक. म्हणजे निविदेची रचनाच चुकणाऱ्याला निवडते.

यावर चिलीने १९९८ मध्ये सांतियागो–वाल्पाराइसो–विन्या देल मार या मार्गासाठी एक उपाय वापरला, तो आम्हाला आजही सर्वांत समंजस वाटतो. बोली वर्षांची लावायची नाही, एकूण वसुलीची लावायची. ‘टोलमधून आजच्या मूल्याने (म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचं आज जेवढं मोल तेवढंच धरून) इतकी रक्कम मिळाली की मी रस्ता परत करतो’. सर्वांत कमी रक्कम मागणारा जिंकतो. वाहनं कमी आली तर मुदत आपोआप लांबते, जास्त आली तर लवकर संपते. सरकारला मध्येच रस्ता परत हवा असेल तर उरलेली रक्कम किती हे आधीच माहीत असतं, भांडायला फारसं काही उरत नाही. मर्यादा एवढीच, की कंपनीला वाहनं वाढवायची घाई नसते. त्यामुळे जिथे चांगल्या सेवेने ग्राहक वाढतात, अशा विमानतळासारख्या ठिकाणी ही पद्धत फारशी उपयोगाची नाही.

प्रश्न : मी नगरसेविका आहे. पाणीशुद्धीकरण प्रकल्पाचा चारशे पानी करार सभेपुढे आलाय, वाचायला चार दिवस आहेत. आधी काय वाचू?

व्याख्यांचं प्रकरण. लोक ते ओलांडून पुढे जातात आणि करार तिथेच फसतो. ‘एकूण प्रकल्प खर्च’ या शब्दांत काय काय धरलंय, ते ओळ न् ओळ तपासा. दिल्ली–नोएडा–दिल्ली उड्डाणमार्गाच्या करारात कंपनीला एकूण खर्चावर वर्षाला २० टक्के परताव्याची हमी होती, आणि ज्या वर्षी तो पूर्ण मिळणार नाही त्या वर्षीची तूट मूळ खर्चातच मिळवली जायची. २० टक्के चक्रवाढीने न फिटलेली रक्कम चार वर्षांत दुप्पट होते. टोल गोळा होत राहिला, तरी वसूल व्हायची रक्कम वाढतच गेली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल थांबवला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. हे एक कलम सही करण्याआधी कुणी कागदावर दहा वर्षं पुढे मांडून पाहिलं असतं, तर त्यातला धोका तासाभरात दिसला असता. तुमच्या करारातल्या प्रत्येक सूत्राचं तसंच करा : पहिल्या, पाचव्या आणि पंधराव्या वर्षाचे आकडे घालून बघा.

मग शेवटाकडे जा, करार मोडला तर कोण कुणाला किती देतो तिथे. भारतातल्या राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना टोल करारात, रस्ता सुरू झाल्यावर करार मोडला तर, चूक कंपनीची असली तरी सरकार विम्याची रक्कम वजा करून थकीत कर्जाच्या ९० टक्के रक्कम देतं. हे वाचून धक्का बसेल, पण काही हमी नसेल तर बँका कर्जच देणार नाहीत, कारण सरकारच्या मालकीचा पूल गहाण ठेवून उपयोग नसतो. प्रश्न प्रमाणाचा आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेचं काम घेतलेली मेट्रोनेट कंपनी २००७ मध्ये कोसळली. तिच्या ९५ टक्के कर्जाला सार्वजनिक हमी होती. पैसे परत मिळणारच असतील तर बँक कामावर लक्ष कशाला ठेवेल? म्हणून ‘कर्ज’ म्हणजे वित्तीय बंद होताना, म्हणजे बँकांचे करार पक्के होताना, मंजूर झालेलंच कर्ज, नंतर वाढवलेलं नाही, असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

तिसरं, हमीचं पाणी. कित्येक करारांत ‘घ्या अथवा पैसे द्या’ असं कलम असतं : पालिकेने रोज ठरलेलं पाणी उचललं नाही तरी पैसे द्यायचे. ते ठरलेलं प्रमाण आजच्या प्रत्यक्ष मागणीशी ताडून बघा, वीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येशी नाही. कच्चं पाणी पुरवायची जबाबदारी कुणाची, आणि ते अपेक्षेपेक्षा गढूळ आलं तर वाढीव तुरटीचा खर्च कुणाचा, हेही शोधा. गढूळपणाचा आकडा करारात नसेल, तर प्रत्येक पावसाळ्यात वाद ठरलेला.

चौथं, दंड. ‘दर्जा राखला नाही तर योग्य ती कारवाई’ या वाक्याला काही किंमत नाही. गढूळपणा, उर्वरित क्लोरीन, दाब, बंद राहिलेले तास, प्रत्येकाचा आकडा हवा, मोजणारा कंपनीबाहेरचा हवा, आणि कपात त्याच महिन्याच्या बिलातून व्हायला हवी.

बोली संशयास्पद वाटावी इतकी कमी असेल तर खूश होऊ नका. लॅटिन अमेरिकेतल्या हजाराहून अधिक करारांचा अभ्यास जागतिक बँकेच्या खोसे लुईस ग्वाश यांनी केला. पाणीपुरवठ्याच्या जवळपास तीन चतुर्थांश करारांत फेरवाटाघाटी झाल्या होत्या, आणि सगळ्या क्षेत्रांची सरासरी धरली तर कराराला सव्वादोन वर्षंही होत नाहीत तोच त्या सुरू झाल्या होत्या. कमी बोलीने काम मिळवायचं आणि स्पर्धक निघून गेल्यावर दर वाढवून मागायचा, ही ओळखीची चाल आहे. फेरबदल कोणत्या कारणांसाठी होऊ शकतो याची बंद यादी करारात घाला आणि प्रत्येक बदल सभेपुढे उघडपणे यावा अशी अट ठेवा.

वेळ उरला तर हस्तांतराचं प्रकरण. शेवटच्या दोन-तीन वर्षांत कंपनी पंपांवर खर्च करायचं थांबवते, कारण ते आता तिचे राहणार नसतात. त्यासाठी मुदत संपण्याआधी किमान दोन वर्षं स्वतंत्र अभियंत्याकडून पंप, व्हॉल्व्ह आणि गाळणीतल्या वाळूची तपासणी, प्रत्येक यंत्राचं किती आयुष्य शिल्लक असायला हवं याचा आकडा, आणि दुरुस्तीपुरती रक्कम कंपनीच्या देयकांतून एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत पैसे त्रयस्थाकडे राहतात अशा खात्यात, अडकवून ठेवण्याची तरतूद, या तिन्ही गोष्टी लागतात. यातली एक जरी नसली तरी सही करण्याआधी ती लेखी मागा.