‘फ्लॅट तुलाच देईन’ : दिलेला शब्द, मृत्युपत्र आणि करार

प्रश्न : मामांना मूलबाळ नव्हतं. मामी गेल्यावर त्यांनी मला परळहून दादरला राहायला बोलावलं. ‘माझं शेवटपर्यंत बघ, हा फ्लॅट तुलाच देईन,’ म्हणाले. मी नोकरी सोडली, नऊ वर्षं त्यांचं सगळं केलं. त्यांनी माझ्या नावे मृत्युपत्र करून ते रजिस्टरही केलं होतं. ते गेल्यावर कळलं की शेवटच्या वर्षी साध्या कागदावर दुसरं मृत्युपत्र करून फ्लॅट मावसभावाला दिलाय. रजिस्टर केलेलं मृत्युपत्र असं रद्द होतं का?

होतं. तुम्हाला हे सांगताना मला वाईट वाटतं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६२ प्रमाणे, भानावर असेपर्यंत माणूस आपलं मृत्युपत्र कधीही बदलू किंवा रद्द करू शकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. साध्या कागदावरचं, पण दोन साक्षीदारांच्या सह्यांचं नंतरचं मृत्युपत्र रजिस्टर केलेल्या जुन्याला मागे सारतं. ‘हे मी कधीही बदलणार नाही’ असं मृत्युपत्रातच लिहिलं असलं, तरी त्याने फरक पडत नाही.

पण मृत्युपत्र ही एक गोष्ट आणि मामांनी तुम्हाला दिलेला शब्द ही दुसरी. तो शब्द करार ठरला, तर नव्या मृत्युपत्राने जुनं मृत्युपत्र रद्द झालं, करार मात्र रद्द झाला नाही; मामांनी त्याचा भंग केला. मग मामांनी मागे ठेवलेल्या मिळकतीविरुद्ध, म्हणजे ती ज्यांच्या हाती गेली त्यांच्याविरुद्ध, कराराची अंमलबजावणी किंवा भरपाई मागता येते. आपल्या करार कायद्यात (१८७२) सांगण्यावरून आधीच केलेली सेवाही मोबदला धरली जाते.

अडचण पुराव्याची आहे. इंग्लंडमध्ये १८८३ साली असाच एक खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. घर सांभाळणाऱ्या बाईने मालकाच्या शब्दावर वर्षानुवर्षं बिनपगारी काम केलं. मालकाने मृत्युपत्र केलंही, पण ते नीट साक्षांकित नव्हतं. ती हरली. तिचं राबणं त्या कराराकडेच बोट दाखवतं असं म्हणता येत नाही, असं न्यायाधीशांनी धरलं. आपल्याकडे तोंडी करार केवळ तोंडी म्हणून बाद होत नाही. पण ती सेवा मायेपोटी केली की करारापोटी, हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. म्हणून नोकरी सोडतानाचं राजीनामापत्र, मामांचे मेसेज, ज्या शेजाऱ्यांसमोर ते बोलले त्यांची नावं, सगळं आत्ताच गोळा करा. प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याच्या, कामात करार बघत नाहीत. तिथे मृत्युपत्र खरं आहे का, एवढंच तपासतात. कराराचा दावा वेगळा लावावा लागतो आणि त्याला साधारण तीन वर्षांची मुदत आहे. दुसरं मृत्युपत्र संशयास्पद वाटत असेल तर त्यालाही हरकत घ्या. संशय दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते.

प्रश्न : मी मुलुंडला राहते. यजमान आणि मी मिळून एकच मृत्युपत्र केलं होतं : जो मागे राहील त्याला सगळं, नंतर थोरल्या मुलाला. यजमान गेले. आता माझं सगळं धाकटी लेक करते. मला ते बदलता येईल का?

दोघांच्या सह्या एका कागदावर आहेत म्हणून तुम्ही बांधल्या जात नाही. ‘एकमेकांच्या संमतीशिवाय बदलायचं नाही’ असं तुमच्यात ठरलं होतं का, ते बघावं लागतं. तसं ठरलं असेल आणि यजमानांच्या मागे तुम्ही त्या मृत्युपत्राचा लाभ घेतला असेल, तर आता मागे फिरता येत नाही. १७६९ साली लॉर्ड कॅम्डेन यांनी घालून दिलेलं हे तत्त्व आपल्या न्यायालयांनीही मानलं आहे. मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल त्यावरच आहे. नव्या मृत्युपत्राचा कागद कोणी अडवत नाही, पण मिळकतीवर थोरल्याचा हक्क न्यायालय उभा करू शकतं.

तसं काही ठरलं नसेल, तर निदान तुमचा स्वतःचा हिस्सा लेकीला द्यायला तुम्ही मोकळ्या आहात. यजमानांच्या हिश्श्याबाबत ‘पूर्ण मालकी’ लिहिलंय की ‘हयातीपुरता उपभोग’, ते शब्द वकिलाला दाखवा. तुमचं उत्तर त्या दोन-तीन शब्दांवर आहे.

प्रश्न : भावाला बाबांनी डिपॉझिटसाठी पाच लाख दिले. ‘बाबांच्या घरात मला हक्क नको’ असं त्याने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. बाबा आहेत. हे टिकेल का?

हक्कसोड पत्र म्हणून नाही. बाबा हयात असताना भावाकडे हक्क नाही, नुसती आशा आहे, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (१८८२) कलम ६ प्रमाणे वारसाची आशा हस्तांतरित होत नाही. मात्र पैसे घेऊन, इतरांना त्यावर विसंबू देऊन नंतर उलटणाऱ्याला न्यायालय अडवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली तसं म्हटलं आहे. पण त्यावर कशाला अवलंबून राहता? घर बाबांचं स्वकष्टार्जित असेल तर त्यांनी मृत्युपत्र करावं आणि पाच लाखांचा उल्लेख त्यात करावा.

प्रश्न : गिरगावातली पागडीची खोली सासऱ्यांनी पुतण्याला मृत्युपत्राने द्यायचं कबूल केलंय.

ते कबूल करून उपयोग नाही. पागडीच्या खोलीवर असतो तो भाडेहक्क, आणि भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केलं. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणारं कुटुंबीय, ते नसेल तर वारस, असा कायद्याचा क्रम आहे.

प्रश्न : माझा मुलगा मोठ्या दिरांना दत्तक देत आहोत. उद्या त्यांनी सगळं दुसऱ्याला दिलं तर?

देऊ शकतात. दत्तक घेतल्याने मिळकत देऊन टाकण्याचा किंवा मृत्युपत्राचा अधिकार जात नाही. पण १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १३ मध्ये ‘विरुद्ध करार नसेल तर’ असे शब्द आहेत. असा करार कायद्यानेच मोकळेपणाने मान्य केल्याची उदाहरणं थोडी आहेत. दत्तकपत्राआधी लेखी करून घ्या. हे मागताना संकोच करू नका, मुलगा तुमचा आहे.

प्रश्न : मावशींना सांभाळायला आम्ही विलेपार्ल्यात त्यांच्याकडे राहायला जातोय. करार कसा लिहावा?

मृत्युपत्रापासून वेगळा. तुम्ही काय करणार, त्या काय देणार, फ्लॅटचा पूर्ण तपशील, त्यांनी हयातीत फ्लॅट विकला तर काय, तुम्ही मध्येच सोडून गेलात तर काय, आणि करार त्यांच्या वारसांवर बंधनकारक राहील हे त्यात लिहा. मुद्रांक किती लागेल ते वकिलाकडून तपासून घ्या.

बक्षीसपत्र आत्ताच करून मागू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्याने मालकी आजच जाते. केलंच, तर सांभाळण्याची अट त्यात शब्दांत लिहा; म्हणजे तुम्ही हयगय केली तर ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या (२००७) कलम २३ खाली ते रद्द करून घेता येईल. आणि कागदावर सही करण्याआधी मावशींना त्यांच्या स्वतःच्या वकिलाकडे, तुम्ही सोबत न जाता, एकदा बसू द्या.