स्पर्धेआधी चोरून पळू का?

प्रश्न: ताई, मी डिचोलीची, वय १७. ८०० मीटर पळते, सर्वांत चांगली वेळ २ मिनिटं २४ सेकंद. बांबोळीच्या स्पर्धेला बारा दिवस उरलेत आणि सरांनी माझं पळणं जवळजवळ निम्म्यावर आणलंय. चार दिवसांत पाय जड झालेत, वजनही किलोभर वाढलंय. वर्षभराची मेहनत वाया जाईल असं वाटतं. सरांना न सांगता संध्याकाळी मयेच्या रस्त्यावर थोडं जादा पळू का?

उत्तर: नको गं, अजिबात नको. कॉलेजात असताना मी हेच केलं होतं. स्पर्धेच्या आठवड्यात रोज संध्याकाळी मिरामारच्या वाळूत अर्धा तास पळायचे, कुणालाही कळू न देता. शर्यतीत पहिला लॅप छान गेला. सहाशे मीटरला मांड्या भरून आल्या आणि शेवटच्या वळणावर तीन मुली मला मागे टाकून गेल्या. त्या तिघींच्या पाठी अजून डोळ्यांसमोर येतात, म्हणून तुला एवढं कळकळीनं लिहितेय.

महिनोन्‌महिने कमावलेला दम दहा-बारा दिवसांत जात नाही. थकवा मात्र तेवढ्यात उतरतो. सर तुझा थकवा उतरवतायत. यालाच टेपरिंग म्हणतात.

घरचे म्हणतील, मग सरळ आठवडाभर झोपून राहा. तेही चूक. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९९२ साली मध्यम पल्ल्याच्या धावपटूंवर एक अभ्यास झाला. त्यांनी आठवडाभराचं टेपरिंग तीन तऱ्हांनी करून पाहिलं: नुसती विश्रांती, संथ पळणं आणि जोरात पण अगदी थोडं पळणं. या तिसऱ्या तऱ्हेत पहिल्या दिवशी ५०० मीटरच्या पाच फेऱ्या, मग रोज एक कमी. एरवीच्या फक्त दहाव्या हिश्श्याएवढं अंतर! तरी शर्यतीच्या वेगानं ट्रेडमिलवर टिकून राहण्याचा वेळ त्यांच्यात सरासरी २२ टक्के वाढला. नुसत्या विश्रांतीनं काहीच फायदा झाला नाही. जोरात पळणाऱ्यांच्या अंगात रक्ताचं प्रमाण वाढलं होतं, स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे पळताना लागणाऱ्या साखरेचा, साठाही. अर्थात २२ टक्के म्हणजे तुझी वेळ तेवढी उतरेल असं समजू नकोस. प्रत्यक्ष शर्यतीत दोन-तीन टक्के मिळाले तरी पुष्कळ. तुझ्या २:२४ मधून दोन टक्के म्हणजे जवळजवळ तीन सेकंद.

तेव्हा अंतर कमी कर, वेग सोडू नकोस. सरावाचे दिवसही फारसे कमी करायचे नाहीत. शेवटच्या आठवड्यात एखाद्या सकाळी २०० मीटरच्या चार फेऱ्या ३५-३६ सेकंदांत, मध्ये तीन-चार मिनिटं पूर्ण विश्रांती. हाच तुझा शर्यतीचा वेग आहे, पायांना तो विसरू द्यायचा नाही. तू मातीवर सराव करत असशील तर एक दिवस बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून पळता येईल का, हे सरांना विचार. आदल्या दिवशी हलकं जॉगिंग आणि तीन-चार स्ट्राइड्स, म्हणजे थोड्या अंतराच्या वेगवान, मोकळ्या धावा, पुरेत. त्या दिवशी मैत्रिणींबरोबर पणजीच्या बाजारात उन्हातान्हात भटकायचं नाही.

वजनाची काळजी सोड. एक ग्रॅम ग्लायकोजेन साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा भरला की काटा वर जातो. वजन वाढलं म्हणून रात्रीचं जेवण टाळणाऱ्या मुली मी पाहिल्यात, आणि फार वाईट वाटतं. तू सकाळची पेज आणि रात्रीचा भात चालूच ठेव.

टेपरिंगच्या पहिल्या चार-पाच दिवसांत पाय जड वाटणं नेहमीचंच. पण एखाद्याच जागी दुखत असेल, ताप किंवा कणकण असेल, तर ते वेगळं. त्या वेळी सरांना लगेच सांग. खरं तर मला लिहिलंस ते सगळंच त्यांना उद्या सकाळी सांग, चोरून पळायचा विचार मनात आला होता तेसुद्धा.