लहानसहान गोष्टींची सतत चिंता वाटते, रात्री झोप लागत नाही. डोकं शांत कसं ठेवावं?

तुम्ही विचारलंय की दिवसभर कसली ना कसली काळजी मागे असते आणि अंथरुणावर पडलं की डोकं चालूच राहतं, काय करावं. मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी, डॉक्टर नाही. पण हे भोगलंय, म्हणून लिहितो.

२०२१ च्या सप्टेंबरअखेर आमच्याकडे पावसानं झोडपून काढलं. माझं चार एकर सोयाबीन सोंगून वावरात पडलेलं. तीन दिवस ओसरीत बसून आभाळ पाहत होतो. बँकेचं काय, पोरीच्या शिक्षणाचं काय, तूर तरी हाती लागते की नाही. चौथ्या दिवशी शेंगांना कोंब फुटलेले पाहून शेजारी म्हणाला, "विम्याची तक्रार केली का गा?" तेव्हाच्या नियमानं ७२ तासांत कळवायचं होतं. माझे तास निघून गेले होते, आणि मोबाइल सगळा वेळ खिशातच होता. तीन दिवस डोकं अखंड राबलं, पण करायचं एकच काम त्याला सुचलं नाही. याचं वाईट मला आजही वाटतं.

तेव्हापासून मी वही ठेवली. संध्याकाळी ढोरं बांधून झाली की धुऱ्यावरच्या निंबाखाली वीस मिनिटं बसतो आणि जे टोचतंय ते लिहून काढतो. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: उद्या याला हात लावता येईल? येत असेल तर लहानात लहान काम लिहायचं. 'कर्जाचं कसं होईल' असं नाही, तर 'सकाळी सोसायटीत जाऊन व्याजाचा आकडा विचारणे'. पाऊस, कापसाचा भाव, असल्या गोष्टींपुढे मी फक्त 'आभाळ' लिहितो आणि पुढच्या ओळीवर जातो.

ही युक्ती माझी नाही. १९८३ साली थॉमस बोर्कोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत ती तपासली होती. चिंतेसाठी रोज ठरलेल्या जागी अर्धा तास द्यायचा, इतर वेळी चिंता आली की तिला त्या अर्ध्या तासावर ढकलायचं. लोकांची चिंता त्यानं कमी झाली. जागा मात्र झोपायची नको. खाटेवर वही उघडाल तर खाटच चिंतेची होईल.

रात्रीचं वेगळं सांगतो. रानडुकरांपायी मी जागलीला जातो. दोन वाजता मचाणावर जे विचार येतात, तेवढे मोठे दिवसा कधीच वाटत नाहीत. माय म्हणायची, "रातचा इचार सावलीवानी असते बाप्पा, कंदील खाली ठेवला का मोठी दिसते." अशा वेळी मी मनात म्हणतो, 'उद्या साडेसहाला, निंबाखाली', आणि दहा श्वास घेतो. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. पहिले पंधरा दिवस मला काहीच जमलं नव्हतं, तेव्हा लगेच सोडू नका. संध्याकाळचा चहाही बंद करून पाहा, कारण त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं.

एक मात्र हात जोडून सांगतो. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर वहीवर भागवू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. आमच्या भागात किती घरांतला कर्ता माणूस कुणाशी न बोलता गेला, ते आम्ही पाहिलंय.

मागच्या वर्षी बायकोनं तीच वही मागच्या पानापासून लिहायला घेतली. तिच्या पहिल्याच पानावर होतं: अमरावतीची होस्टेलची फी. माझ्या पानांवर तेच चार वेळा होतं. दोघंही एकमेकांपासून लपवून एकच चिंता करत होतो. त्या संध्याकाळी निंबाखाली दोघांनी हिशोब मांडला. संक्रांतीच्या आसपास तूर निघाली की पहिला हप्ता, आणि तोवर पोरीनं होस्टेलच्या मॅडमकडून मुदत मागून घ्यायची.